आजोबांचा टी-सेट, ‘९०’चा ठसा आणि कोकणातली खारी हवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हर्णैच्या घराचा माळा आवरताना जुन्या ट्रंकेत चहाचा सेट निघाला. किटली, दूधदाणी, साखरदाणी. अंगावर एक वेलबुट्टी नाही, गोल पोटं, सरळ तोट्या, काळ्या मुठी. सोबत डझनभर काटे-चमचे, मागे ‘९०’ असा आकडा. आजोबा आगबोटीवर होते. सोनार म्हणाला, चांदी नाही, जर्मन आहे. भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला. घरच्यांचं म्हणणं, नव्याने मुलामा करून होमस्टेच्या पाहुण्यांपुढे मांडू. तुम्हाला मात्र त्या भांड्यांचा घाट आवडलाय आणि तशी आणखी जमवावीत असं मनात आहे. म्हणून विचारताय की खरं कोण बोलतंय आणि सुरुवात कुठून करायची.

रत्नागिरीत बसून मी अशीच भांडी घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. तुमच्या फोटोत ठसा नीट दिसत नाही, त्यामुळे काही ठिकाणी ‘असं असेल तर’ एवढंच म्हणता येईल.

सोनार आणि भंगारवाला दोघेही खरंच बोलतायत, फक्त दोघेही धातू मोजतायत. मुलाम्याच्या भांड्यात धातूची किंमत जवळपास नसतेच. किंमत असते ती घाटाची, आणि त्या घाटावर शिल्लक राहिलेल्या चांदीच्या पातळ थराची. घाट कुठे जात नाही. थर मात्र दर घासण्यागणिक कमी होतो आणि आपल्या किनाऱ्यावर तर न घासताही जातो. म्हणून तुमचा खरा प्रश्न ‘यात चांदी किती’ हा नाही. ‘हा थर किती उरलाय आणि तो मी कसा टिकवू’ हा आहे.

आधी तो आकडा. ‘९०’ बघून बरेच जण नव्वद टक्के चांदी समजतात. तसं नाही. जर्मनी-ऑस्ट्रियाकडच्या कारखान्यांची ती मुलाम्याची मोजणी आहे. डझनभर मोठे चमचे आणि डझनभर काटे, म्हणजे साधारण २४ चौरस डेसिमीटर पृष्ठभाग, यावर मिळून ९० ग्रॅम चांदी चढवली, असा त्याचा अर्थ. हिशेब करून बघा: नगामागे पावणेचार ग्रॅम, आणि थराची जाडी सुमारे ३६ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्मी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मुलाम्याच्या दुनियेत हा चांगला दणकट थर आहे. डब्ल्यू.एम.एफ. या गाइस्लिंगेनच्या जुन्या जर्मन कारखान्याच्या मालावर हा आकडा सर्रास दिसतो. भरीव जर्मन चांदी असती तर ८००, ८३५, ९२५ असा तीन आकडी ठसा असता, आणि १८८८ नंतरच्या मालावर शेजारी चंद्रकोर आणि मुकुटही असता.

किटलीवर कदाचित वेगळा ठसा असेल. इंग्लिश मालावर बहुतेक वेळा ‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरं असतात: निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला मुलामा. हे निकेल सिल्व्हर म्हणजेच सोनाराचं ‘जर्मन’. त्यात साधारण ६० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त, चांदी शून्य. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० साली विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि तिथून हा सगळा धंदा उभा राहिला. ‘ई.पी.बी.एम.’ असेल तर जपून, कारण खालचा धातू कथलाच्या जातीचा आणि मऊ असतो. टिचकी मारली तर खणखणत नाही, बद्द वाजतो. आपल्या नेहमीच्या डाग देणाऱ्याकडे नेलंत तर तोटी डोळ्यांदेखत वितळेल. ढालीत बसवलेली एकेक अक्षरं बघून मात्र हुरळू नका. मुलाम्याचे कारखाने मुद्दामच हॉलमार्कसारखे दिसणारे ठसे मारत.

ठसा झिजला असेल आणि शंका राहिली असेल तर सोनाराला कसोटीवर घासू देऊ नका, आम्लाचा थेंबही नको. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. आधी चमच्याचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा आणि चमचा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लोंबता धरा, तळाला किंवा कडेला टेकू न देता. आता काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितकं चमच्याचं आकारमान, घन सेंटिमीटरमध्ये. वजनाला त्याने भागा. उत्तर ८.७ च्या आसपास आलं तर निकेल सिल्व्हर, १०.३ च्या आसपास आलं तर भरीव चांदी. ६० ग्रॅमच्या चमच्याने ६.९ ग्रॅम दाखवले तर उत्तर ८.७, विषय संपला. पोकळ मुठीच्या सुऱ्यांवर हे चालत नाही. आणि लोहचुंबक पटकन चिकटला तर खाली लोखंड आहे.

आता घाटाकडे येऊ, कारण तुमचं मन तिथेच अडकलंय आणि ते बरोबर आहे. बिनबुट्टीची, भूमितीतून निघालेली भांडी एकदम आकाशातून पडली नाहीत. ख्रिस्तोफर ड्रेसर या इंग्लिश आरेखकाने १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून ह्यूकिन अँड हीथ, जेम्स डिक्सन अशा कारखान्यांसाठी जे टोस्ट-रॅक आणि किटल्या काढल्या, त्या आजही कालच्या वाटतात. आणि त्यातल्या बहुतेक भरीव चांदीच्या नव्हेत, मुलाम्याच्याच. पुढे १९२४ साली बाउहाउस या जर्मन कलाशाळेत मारियाने ब्रांटने अर्धगोल पोटाची, आडव्या पट्ट्यांच्या पायावर उभी छोटी किटली केली. पॅरिसच्या क्रिस्तोफ्ल कंपनीसाठी जिओ पाँटीने काम केलं, ल्यूक लानेलने केलं, आणि १९३५ च्या ‘नॉर्मंडी’ या प्रचंड प्रवासी बोटीवर त्याच कंपनीची भांडी होती. युद्धानंतर शेफील्डच्या डेव्हिड मेलरने विद्यार्थीदशेतच, १९५३ साली, ‘प्राइड’ हा काट्या-चमच्यांचा संच आखला. तो वॉकर अँड हॉलने मुलाम्यात काढला आणि १९५७ साली त्याला ब्रिटनचं आरेखनाचं बक्षीसही मिळालं.

ही नावं तुम्हाला उद्या हर्णैच्या बाजारात सापडतील म्हणून सांगत नाहीये. आपल्याकडे निघतो तो बहुतेक १९३० च्या दशकातला बिननावाच्या आरेखकांचा इंग्लिश माल, बेकेलाइटच्या, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लास्टिकच्या, मुठींचा, आणि मधूनच जर्मन काटे-चमचे. पण नावाजलेल्या वस्तूंचे फोटो डोळ्यांखालून घातले की हात आपोआप चांगल्या घाटावर थांबतो. तोटीचं तोंड किटलीच्या काठाच्या वर आहे का, झाकणाची घुंडी दोन बोटांत नीट येते का, भरलेली किटली ओतताना मनगट वाकडं होतं का, हे मी नेहमी बघतो. घाट चांगला असेल तर नाव नसलं तरी घ्या. सपाट, बिनबुट्टीची किटली दिसली की तिला ड्रेसरची म्हणणारे विक्रेते भरपूर आहेत. ठसा नसेल तर ते बोलणं चहाबरोबर गिळून टाकायचं.

साध्या घाटाची एक बाजू नवख्यांना उशिरा कळते. नक्षीकाम केलेल्या व्हिक्टोरियन भांड्यावर थोडा पोचा, थोडी झीज नक्षीत लपते. खाचांतला काळेपणा तर उलट शोभतो. सपाट भांड्यात लपायला जागाच नाही. तिथे पृष्ठभाग हाच सगळा दागिना, म्हणून एक पोचा पडला की प्रकाशाची रेघ मोडते आणि नजर तिथेच जाते. त्यामुळे नक्षीच्या मालात मी ज्या अवस्थेचं भांडं आनंदाने घेईन, त्याच अवस्थेचं सपाट भांडं परत ठेवतो. खरेदीला जाताना खिडकीशी उभं राहून भांडं हळूहळू फिरवा. दिवसाच्या उजेडात चांदी पांढरी दिसते आणि खालचं निकेल सिल्व्हर किंचित पिवळट-राखाडी. चमच्याच्या पाठीचा टेकणारा उंचवटा, किटलीच्या बुडाची कड आणि तोटीचं टोक इथे थर आधी जातो.

हे सगळं कोकणात आलं कुठून? तुमच्या आजोबांसारख्यांमुळेच. पी. अँड ओ.सारख्या इंग्लिश आगबोट कंपन्यांच्या बोटींवर डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी खलाशी आणि सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या जेवणाच्या दालनात, गोव्याचे लोक, ही वाटणी पिढ्यानपिढ्या चालली. दापोली-खेडपासून राजापूरपर्यंत अशी घरं आहेत. दुसरी वाट मुंबईची. चाकरमानी क्लबांत, हॉटेलांत, रेल्वेच्या भोजनगृहांत कामाला होते, जुना माल निकाली निघाला की त्यातलं काही गावी यायचं. तिसरी वाट भंगाराची: मुंबईच्या दारूखाना भागात, जिथे जुन्या बोटी तोडतात, बोट तोडली की आतलं सामान चोरबाजारात, मटण स्ट्रीटला, आणि तिथून कुठेही. बोटीचा, हॉटेलचा किंवा रेल्वेचा ठसा असला की लोक बिचकतात. मी तो माल आधी उचलतो. रोज शेकडो माणसांपुढे जाणारी भांडी म्हणून कारखाने त्यांवर जाड थर देत, आणि घाटही बहुधा साधाच ठेवत.

रत्नागिरीत मात्र एक कहाणी हमखास ऐकाल: ‘थिबा राजाच्या महालातलं आहे.’ थिबा म्हणजे इंग्रजांनी पदच्युत करून रत्नागिरीत ठेवलेला ब्रह्मदेशाचा राजा. त्याचा महाल १९१० चा आणि राजा वारला १९१६ च्या डिसेंबरात. समोरची किटली कोनाकोनांची, बेकेलाइटच्या मुठीची, १९३० च्या धाटणीची असेल तर त्या राजाने तिच्यातून चहा प्यायला असणं शक्य नाही. इंग्लिश मालावर ‘आर.डी.’ आणि पुढे आकडा असेल तर फारच सोपं. ही आरेखनाच्या नोंदणीची क्रमवारी १८८४ साली एकपासून सुरू झाली आणि १९३० पर्यंत साडेसात लाख ओलांडून गेली होती. आठ लाखांच्या घरातला आकडा असलेली ‘राजाची’ किटली मी हसत हसत खाली ठेवतो. अर्थात ती चांगली असेल तर राजाला वजा करून जो भाव होईल, तो देतोही.

आता घरच्यांचा प्रस्ताव, नवा मुलामा. सरसकट नको. मुलामा करणारा आधी बफिंग करतो, आणि बफिंगच्या चाकाखाली कडा गोल होतात, ठसे पुसट होतात. नक्षीच्या भांड्याला ते एकवेळ खपतं. तुमच्या किटलीत त्या धारदार कडांसाठीच तर ती ठेवायची. शिवाय आपल्याकडे बरेच कारागीर खोट्या दागिन्यांवर चढवतात तसा मायक्रॉनच्या आसपासचा थर देतात. दिसायला झकास, आणि पहिल्या पावसाळ्यात बारीक छिद्रांतून खारी दमट हवा आत जाऊन हिरवे ठिपके. म्हणून करायचाच तर कारागिराला ‘चकाचक करून द्या’ म्हणू नका, ‘किती मायक्रॉन देणार’ हे विचारा. टेबलावर वापरायच्या चमच्याला २० च्या खाली मी देत नाही. मुंबईत असं काम मोजून करणारे कारागीर आहेत.

तुमच्या बाबतीत मी असं करेन. किटलीला हात लावू नये, थर पुष्कळ उरलेला दिसतोय. चमच्यांपैकी ज्यांची पाठ पिवळी पडलीय ते पाहुण्यांना देऊ नयेत. तोंडात जाणाऱ्या वस्तूवर उघडं निकेल नको, काहींना त्याची ॲलर्जी असते. तेवढेच चमचे जाड थराच्या मुलाम्याला पाठवा. कुठे थराला फोड आलेला दिसला तर तो भाग घासू नका, कातडं निघाल्यासारखा थर उतरतो. आणि ठसा एखाद्या नामांकित कारखान्याचा, घाट ओळखीच्या आरेखकाचा निघाला, तर मुलाम्याचा विचारच सोडा. झिजलेला मूळ थर संग्राहकाला नव्या चकाकीपेक्षा प्रिय असतो.

घासण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कोकणातली मुलाम्याची भांडी चोरीपेक्षा स्वच्छतेने जास्त मेलीत. आपला हात लगेच चिंच, आमसूल, लिंबू, नाहीतर राख आणि नारळाच्या काथ्याकडे जातो. तांब्या-पितळेला ते बरोबर आहे, आंबट पदार्थ त्यांच्यावरचा गंज विरघळवतो. चांदीचं काळवंडणं वेगळं, ते गंधकाशी झालेलं संयुग आहे. त्याला आमसूल फारसं हलवत नाही, पण थर जिथे फाटलाय तिथे खालच्या तांब्याला मात्र खातं. राख आणि काथ्या तर सरळ चांदी खरवडून नेतात. टूथपेस्टही तीच गत. गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि ॲल्युमिनियमची फॉइल हा उपाय भरीव चांदीला ठीक आहे. सपाट मुलाम्यावर तो पुष्कळदा दुधाळ डाग सोडतो, आणि बेकेलाइटची मूठ त्या पाण्यात गेली तर तिची झळाळी जाते. पोकळ मुठीच्या सुऱ्या तर गरम पाण्यात बुडवूच नका, आतलं भरण सैल होऊन पातं निघून येतं.

मग करायचं काय? कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. शेवटचं पाणी विहिरीचं मचूळ नको, प्यायचं फिल्टरचं घ्या. लगेच कोरडं पुसा, वाऱ्यावर सुकवू नका. काळेपणा डोळ्यांना फारच टोचत असेल तरच केमिस्टकडे मिळणारी अगदी बारीक शुद्ध खडूची पूड पाण्यात कालवून, सुती फडक्याने, जोर न लावता, एकाच दिशेने फिरवा. गोल गोल घासलंत तर सपाट पोटावर त्या रेघा कायम दिसतील. हे वर्षातून एकदा झालं तरी पुरे.

वापर मात्र करा. रोज वापरून, धुऊन, पुसून ठेवलेला चमचा कपाटातल्या चमच्यापेक्षा कमी काळा पडतो. चहा, साखर, खीर, शिरा यांना काही हरकत नाही. अंड्यापासून आणि कांद्यापासून लांब, त्यांतलं गंधक चमचा जेवण संपायच्या आत काळा करतं. मीठ त्याहून वाईट, ते थर खड्ड्याखड्ड्याने खातं. म्हणूनच जुन्या मीठदाण्यांच्या आत काचेची वाटी किंवा सोन्याचा मुलामा असतो. सोलकढी त्या दूधदाणीत फार सुंदर दिसेल हे मला माहीत आहे. पाहुण्यांनी कितीही फोटो मागितले तरी आंबट आणि खारट एकत्र तिथे ओतू नका.

पावसाळ्याची तयारी मृगाच्या आधी, मे महिन्यातल्या एखाद्या कोरड्या दुपारी. भांडं पूर्ण कोरडं असताना धुतलेल्या, बिनखळीच्या मलमलीत गुंडाळायचं, चेन असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि हवा काढून बंद. पावसात एकदा बंद झालेली पिशवी उघडायची नाही. दमट हवा आत गेली की पिशवीच शत्रू होते. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र, डांबरगोळ्या यांपैकी काही सोबत नको. रबर आणि लोकर दोन्हींत गंधक असतं. ताज्या रंगवलेल्या किंवा प्लायवूडच्या कपाटापेक्षा जुनं लोखंडी कपाट बरं, स्वयंपाकघरापासून आणि चुलीच्या धुरापासून दूर. आणि सुक्या बोंबलांचा डबा त्याच कपाटात नको, हे हर्णैच्या माणसाला सांगणं आलंच. गणपतीला चाकरमानी आले की काढा, तोवर हवा थोडी सुधारलेली असते.

जमवायची सुरुवात एका प्रकारापासून करा. तुमच्याकडे चहाचा सेट आहे, तर १९२० ते १९६० मधली चहाची भांडीच घ्या; मिळेल ते घेत सुटलात तर वर्षभरात माळा भरेल आणि संग्रह होणार नाही. सुटे चमचे ताबडतोब घेऊ नका, जुळणारे सहा मिळतील असं दिसलं तरच. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि घराघरांत स्टेनलेस स्टील आलं, त्यामुळे १९५० नंतरचा परदेशी मुलामा आपल्याकडे कमीच सापडतो. दिसला तर थांबून बघा. विकणारा वजनावर भाव सांगत असेल तर मुकाट्याने वजनावर घ्या. तो चांदीचा भाव सांगत असेल तर वर सांगितलेला पाण्याचा प्रयोग त्याच्यासमोरच करा, वाद लगेच मिटतो. आणि परदेशी गिऱ्हाइकाला विकायचा मोह झाला तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवणं खासगी माणसाला बंद आहे, आणि १९२० च्या दशकातला माल आता एकेक करून त्या रेषेपलीकडे जातोय.

आता ठशाचा नीट फोटो पाठवा. भांडं पुसून खिडकीशी ठेवा, उजेड एका बाजूने तिरपा येऊ द्या, फ्लॅश बंद. ठशाशेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे मापाचा अंदाज येईल. किटलीचं बूड, झाकणाच्या आतली बाजू आणि मूठ जिथे बसवलीय तो सांधा, असे आणखी तीन फोटो लागतील. झाकणाच्या आत एखादा आकडा कोरलेला दिसला आणि तोच बुडाशीही असला, तर झाकण मूळचंच आहे.